हौशी बोटीचा विमा : रकमेआधी वाचायच्या ओळी

हौशी बोटीच्या विम्यात रकमेइतकेच महत्त्व बोट कुठे, कोणत्या महिन्यांत आणि कशासाठी वापरली जाणार याला असते. मालक हप्ता आणि रक्कम पाहून सही करतो. दावा अडतो तो पुढच्या पानांवर.

भारतात हा विमा सागरी विमा कायदा, १९६३ खाली येतो. करारापूर्वी ठाऊक असलेली प्रत्येक महत्त्वाची बाब सांगणे मालकावर बंधनकारक आहे. जुना अपघात किंवा बदललेले इंजिन लपवले, तर कंपनीला करार रद्द करता येतो.

लंडनच्या बाजारात १९८५ साली ठरलेली ‘इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस’ ही कलमे अनेक पॉलिसींचा पाया आहेत. त्यांत १७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३१ किलोमीटर, ही वेगाची मर्यादा आहे. बोटीची क्षमता त्याहून जास्त असेल, तर स्पीडबोटींचे वेगळे कलम लागते. उघड्या किनाऱ्यासमोर नांगरून, माणूस न ठेवता सोडलेली अशी बोट बुडाली तर त्या कलमानुसार भरपाई नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर बोट नांगरून जेवायला जाणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. आउटबोर्ड इंजिन सुटून पाण्यात पडले तर पैसे मिळत नाहीत. चोरीला गेले तर मिळतात, पण नेहमीच्या पकडीखेरीज त्याला वेगळे कुलूप असेल तरच. वाऱ्याने फाटलेली शिडेही सहसा वगळलेली असतात. बोट भाड्याने देणे वा शर्यतीत उतरवणे यांसाठी आधी वेगळी संमती घ्यावी लागते. ‘फक्त डिझेलचे पैसे घेतले’ हा खुलासा नंतर फारसा कामाला येत नाही.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्याचा प्रश्न वेगळाच. बोट पाण्याबाहेर राहण्याचे महिने पॉलिसीत लिहिले की हप्ता कमी होऊ शकतो. मात्र त्या काळात ती पाण्यात ठेवायची झाल्यास आधी कळवायला हवे. मे लांबला, क्रेन मिळाली नाही, ही कारणे दाव्याच्या अर्जात दुबळी ठरतात.

बोटीची किंमत ठरवून लिहिलेली पॉलिसी बाजारभावाच्या पॉलिसीपेक्षा बरी. पूर्ण नुकसानीनंतर किमतीवरचा वाद टळतो. तिसऱ्या पक्षाची जबाबदारी वेगळी तपासावी. दुसऱ्याची बोट, जखमी पोहणारा आणि बुडालेली बोट हटवण्याचा खर्च तिच्यात आहेत का, ते पाहावे. खलाशी पगारी असेल तर त्याचे संरक्षण वेगळे विचारावे.

अपघातानंतर नुकसान वाढू न देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्यासाठीचा वाजवी खर्च पॉलिसीतील तरतुदीनुसार परत मागता येतो. म्हणून पंप आणि ओढणाऱ्या बोटीची पावती जपून ठेवावी.