शाळेंतील रिकामी जागा आणि पालक

करवीरचे छत्रपति शाहू महाराज यांनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, तेव्हां मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ही तऱ्हा पालटून पालकास शाळेच्या व्यवस्थापन समितींत मानाची जागा दिली. तेथें निदान तीन चतुर्थांश सभासद पालकच असावे लागतात. मात्र या कायद्याचा हात आठवी इयत्तेपर्यंतच पोंचतो, आणि अधिक गळती लागते ती त्यापुढें.

आमच्या नाहूर-भांडुपच्या बाजूस पुष्कळ कारखाने बंद पडले. बापाचा पगार तुटला कीं पहिला घाला थोरल्या मुलाच्या शिक्षणावर पडतो. नववींतला असाच एक मुलगा पंधरा दिवस दिसेना, म्हणून मी त्याच्या घरीं गेलों. तो एका दुकानांत कामास जात होता. आईची समजूत मात्र, तो शाळेंत जातो. आमच्या तिन्ही चिठ्ठ्या तिनें फळीवर जपून ठेविल्या होत्या. तिला वाचतां येत नव्हतें, आणि वाचून दाखविणारा तोच!

तेव्हांपासून तिसऱ्या गैरहजिरीस मी चिठ्ठी न धाडतां स्वतः जातों. पालकांनींही बोलावण्याची वाट न पाहतां शनिवारीं शाळेंत एक फेरी घालावी.