कॅमेऱ्यांतील छायाचित्रें संगणकावर उतरवितांना येणाऱ्या अडचणी

पिकाचें नुकसान फार दिवस जागेवर रहात नाहीं. साचलेलें पाणी ओसरतें, आडवें पडलेलें सोयाबीन कुजून जातें आणि पुढील पेरणीसाठीं शेत मोकळें करावेंच लागतें. २०२३ सालच्या जुलै महिन्यांत आपल्या जिल्ह्यांतील संग्रामपूर व जळगांव जामोद तालुक्यांत अतिवृष्टि होऊन नदीनाल्यांकांठच्या जमिनी खरवडून गेल्या. अशा वेळीं शेताची त्या दिवसाची स्थिति दाखविणारा उत्तम पुरावा म्हणजे छायाचित्र होय. पंचनाम्याचे वेळीं, तसेंच कृषि विज्ञान केंद्राकडे कपाशीवरील डोमकळीचें किंवा पानांवरील ठिपक्यांचें निदान विचारतांनाहि त्याचा मोठा उपयोग होतो. परंतु कॅमेऱ्यांतून चित्रें संगणकावर उतरलींच नाहींत, तर तीं असून नसल्यासारखींच. म्हणून नेहमीं येणाऱ्या अडचणी व त्यांचे उपाय येथें क्रमानें देत आहों. एका वेळीं एकच गोष्ट बदलून पहावी, म्हणजे दोष नेमका कोठें आहे हें कळतें.

१. संगणकास कॅमेरा दिसत नाहीं. प्रथम बॅटरी भरलेली व कॅमेरा चालू आहे ना, हें पहावें. कांहीं कॅमेरे चित्रें पाहण्याच्या स्थितींत ठेवल्यावांचून संगणकाशीं जोडले जात नाहींत. नंतर केबल तपासावी. साध्या यूएसबी केबलींत चार तारा असतात. दोन विजेच्या व दोन माहितीच्या. केवळ चार्जिंगसाठीं केलेल्या कित्येक केबलींत माहितीच्या तारा नसतात. तिनें बॅटरी भरते, पण चित्र एकहि जात नाहीं. दुसरी खात्रीची केबल लावून पहावी व ती हबमधून न जोडतां थेट संगणकास जोडावी. एवढ्यानें न भागल्यास कॅमेऱ्याच्या मेनूंत यूएसबीची निवड पहावी. तेथें 'मास स्टोरेज' व 'पीटीपी' किंवा 'एमटीपी' असे पर्याय असल्यास, एकानें काम न झालें तर दुसरा निवडावा.

२. केबलीनें काम होत नाहीं. कॅमेरा बंद करून कार्ड काढावें व कार्ड रीडरमध्यें घालावें. जुना रीडर नवें कार्ड ओळखीत नाहीं, म्हणून कार्ड बिघडलें असें समजूं नये. २ जीबीहून मोठ्या कार्डांचा एसडीएचसी प्रकार २००६ सालीं व ३२ जीबीहून मोठ्या कार्डांचा एसडीएक्ससी प्रकार २००९ सालीं निघाला. त्यापूर्वींच्या रीडरांस तीं कार्डें बहुधा वाचतां येत नाहींत. कार्डाच्या कडेची लहान कळ 'लॉक' बाजूस असल्यास चित्रें वाचतां येतात, मात्र पुसतां येत नाहींत.

३. संगणक 'कार्ड फॉरमॅट करावयाचें काय?' असें विचारतो. येथें कधींहि होकार देऊं नये. कार्ड परत कॅमेऱ्यांत घालून चित्रें दिसतात कीं नाहीं तें पहावें. दिसत असल्यास कार्ड बहुधा ठीक असून दोष रीडरचा किंवा संगणकाचा असतो. चित्रें चुकून पुसलीं गेलीं असतील, तर त्या कार्डावर नवें चित्र मुळींच घेऊं नये. पुसलेल्या चित्राची माहिती तिच्यावर दुसरी माहिती लिहिली जाईपर्यंत बहुधा शिल्लक असते व योग्य प्रोग्रामनें परत मिळूं शकते. मात्र मिळालेलीं चित्रें संगणकावर उतरवावीं, त्याच कार्डावर नव्हे.

४. चित्रें उतरतात, पण उघडत नाहींत. कॅमेरा 'रॉ' प्रकारांत चित्रें घेत असल्यास कित्येक संगणक तीं दाखवीत नाहींत. पुराव्यासाठीं 'जेपेग' प्रकार ठेवावा. चित्र अर्धेंच दिसत असल्यास उतरवितांना वीज गेली असेल किंवा केबल हालली असेल. तें पुन्हा उतरवावें.

५. दिनांक चुकीचा पडतो. बॅटरी फार दिवस काढून ठेवल्यास कॅमेऱ्याचें घड्याळ मूळ तारखेवर जातें व तीच तारीख चित्राबरोबर नोंदली जाते. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत स्थानिक आपत्तीची सूचना देण्यास प्रारंभीं ४८ तासांची मुदत होती. २०१८ सालीं ती ७२ तास झाली. योजनेच्या अटी पुढेंहि बदलत आल्या आहेत, म्हणून चालू हंगामाची अट तालुका कृषि कार्यालयांत विचारून घ्यावी. तथापि जेथें तासांचा हिशेब होतो तेथें चुकीच्या तारखेचें चित्र उलट शंकाच उत्पन्न करतें. बांधावर जाण्यापूर्वीं घड्याळ तपासावें आणि मूळ चित्रांत कांहींहि फेरफार करूं नये. २०२१ सालीं सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचें छायाचित्र मात्र मोबाईलवरील ॲपमधूनच घ्यावयाचें असतें, हें ध्यानांत असावें.

शेवटीं सर्वांत महत्त्वाचा नियम. चित्रें संगणकावर 'कट' करून नेऊं नयेत, 'कॉपी' करावीं. कार्डावरील 'डीसीआयएम' नांवाच्या फोल्डरांतील चित्रांची संख्या व उतरलेल्यांची संख्या ताडून पहावी, दोनचार चित्रें उघडून पहावीं व एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. हें सर्व झाल्यावरच कार्ड रिकामें करावें. बियाणें उगवण पाहिल्यावांचून आपण पेरीत नाहीं. तसेंच प्रत तपासल्यावांचून मूळ चित्र पुसूं नये. नांगरलेल्या शेताचें कालचें छायाचित्र पुन्हा कोणासहि घेतां येत नाहीं.