भूमापनाची पूर्वतयारी

विद्यार्थिमित्रांनो, न्हावऱ्यासारख्या शेतकरी गांवांत बांधाची किंमत काय असते, हें तुम्हांस सांगावयास नको. ३३० फूट लांबीचा बांध एका फुटानें सरकला, तर ३३० चौरस फूट, म्हणजे पाव गुंठ्याहून अधिक जमीन एकाकडून दुसऱ्याकडे जाते. आणि तेवढ्यापायीं सख्खे भाऊ कचेरीची पायरी चढतात. म्हणून मोजणीची विद्या ही केवळ पोट भरण्याची नसून गांवांत सलोखा राखणारीहि आहे. भूमापन, इमारतीची आखणी व नकाशे यांचें धंदेशिक्षण पुढें घेऊं इच्छिणाऱ्यांनीं शाळेंतच कोणती तयारी करावी, तें येथें पाहूं.

या विद्येचा वारसा आपल्या जिल्ह्यांत जुना आहे. गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीवरून ठरलेले साऱ्याचे दर १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत ३० वर्षांच्या मुदतीनें लागू झाले, व तीच पद्धत पुढें मुंबई इलाख्यांत पसरली. १८५४ सालीं सरकारी बांधकामांस माणसें तयार करण्याकरितां पुण्यास जो वर्ग निघाला, त्याचेंच पुढें इंजिनिअरिंग कॉलेज झालें.

त्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, अर्थात् १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आतां एक उदाहरण घेऊं. अ, ब, क, ड अशा चार कोपऱ्यांचें एक वेडेंवांकडें शेत आहे. अ पासून क पर्यंत दोरी ताणली. हा कर्ण १० साखळ्या भरला. ब पासून कर्णावर टाकलेला लंब ४ व समोरच्या बाजूच्या ड पासूनचा लंब ३ साखळ्या भरला. लंबांची बेरीज ७. तिला १० नीं गुणून ७०. त्याचें निम्में ३५. शेत ३५ गुंठे झालें.

लंब खरोखर काटकोनांत आहे कीं नाहीं, हें कसें ओळखावें? गवंडी पाया आखतांना करतो तेंच करावें. दोरीनें ३, ४ व ५ हात बाजूंचा त्रिकोण केला, कीं ३ व ४ यांमधील कोन काटकोनच असतो. पायथागोरसचा सिद्धांत तो हाच.

यानंतर पडताळा. ब चा लंब अ पासून ३ साखळ्यांवर पडला असेल, तर अ ब ही बाजू ५ साखळ्या, म्हणजे १६५ फूट भरली पाहिजे. ती १७० भरली, तर पुन्हा मोजावें. आंकडा सोयीप्रमाणें वळवूं नये. कागदावर खोडलेली चूक शेतांत तशीच राहते, व तिचा भुर्दंड गरिबास बसतो.

तेव्हां भूमिती व अपूर्णांक पक्के करा. एका इंचास एक साखळी असें प्रमाण धरून वरील शेताचा नकाशा काढा. ओळंबा, गुण्या व पाणसळ हीं हत्यारें गवंड्याजवळ बसून हाताळा. पाटाचा वा छपराचा उतार पाणसळीवांचून कळत नाहीं.

दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत स्थापत्य आरेखकाचा दोन वर्षांचा, किंवा तंत्रनिकेतनांत पदविकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेतां येतो. हे मार्ग मुलींनाहि तितकेच मोकळे आहेत, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत गांवठाणांची मोजणी ड्रोननें होऊं लागली. तथापि यंत्र आंकडा देतें. तो खरा कीं खोटा, हें पारखणारें माणूसच लागतें.

येत्या सुटींत चौघांनीं मिळून शाळेचें आवार मोजावें, नकाशा काढावा, आणि एका बाजूचा पडताळा दुसऱ्या चौघांकडून घ्यावा. दोन्ही आंकडे जुळले, तर या विद्येचा पहिला धडा तुम्हांस आला असें समजा.