भीतीचा फीडबॅक लूप

'ॲगोराफोबिया' हे नाव बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरने १८७१ साली एका लेखात पहिल्यांदा वापरलं. त्या लेखात त्याने तीन रुग्णांची हकिगत दिली आहे. एक फिरता विक्रेता, एक व्यापारी आणि तिसरा चक्क इंजिनिअर! (तेव्हा आपल्या जमातीची या विषयाशी ओळख जुनीच आहे.) तिघेही धडधाकट, कामधंदा करणारे पुरुष. पण शहरातला मोठा चौक एकट्याने ओलांडायची वेळ आली की पाय जागच्या जागी थिजायचे आणि छातीत धडधड सुरू व्हायची. गंमत अशी की बरोबर कोणी असलं तर तोच चौक सहज पार व्हायचा. हातात नुसती काठी असली किंवा पुढून एखादी गाडी चालली असली, तरी निभून जायचं.

'अगोरा' म्हणजे ग्रीक भाषेत बाजाराचा चौक. म्हणून आपल्याकडे या शब्दाचं भाषांतर 'मोकळ्या जागेची भीती' असं करतात. ते अर्धंच खरं आहे. लोकांनी खचाखच भरलेला लोकलचा डबा काही मोकळा नसतो, तरी तिथेही नेमकी हीच भीती वाटते. खरी भीती जागेची नसतेच. 'इथे मला काही झालं तर मी बाहेर कसा पडणार? कोण धावून येणार?' ही ती भीती. मोकळा चौक आणि बंद लिफ्ट यांच्यात एवढीच गोष्ट समान आहे की दोन्हीकडून घर लांब वाटतं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या ग्रंथाची पाचवी आवृत्ती २०१३ साली निघाली. त्यात यासाठी पाच प्रकारचे प्रसंग दिले आहेत : बस-ट्रेनसारखी वाहनं, मोकळ्या जागा, बंद जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. यांतल्या निदान दोन प्रकारांत जवळजवळ दर वेळी भीती वाटते, ते टाळले जातात, आणि हे साधारण सहा महिने किंवा जास्त चालतं, तेव्हा डॉक्टर या निदानाचा विचार करतात. म्हणजे व्हायव्हाच्या आधी पोटात गोळा येणं, हा ॲगोराफोबिया नव्हे. तो आपल्या सगळ्यांनाच येतो, आणि अभ्यास न करता गेलं तर यायलाच हवा.

आता आपल्या भाषेत बोलू. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण पॉझिटिव्ह फीडबॅक शिकतो. आउटपुटचा काही भाग परत इनपुटमध्ये मिळवला जातो, आणि गेन एकापेक्षा जास्त असेल तर सिग्नल वाढतच जातो. सभागृहात माइक स्पीकरसमोर आला की जी किंचाळी उठते, ती हीच. पॅनिक ॲटॅक म्हणजे शरीरातली तशीच किंचाळी.

कसं ते बघा. एखाद्या दिवशी झोप झालेली नसते, उपाशीपोटी दोन चहा झालेले असतात, डब्यात उकडत असतं. हृदयाचा ठोका जरा वाढतो. मेंदू तो ठोका टिपतो आणि त्याचा अर्थ लावतो, 'काहीतरी गडबड आहे.' धोका म्हटल्यावर ॲड्रेनलिन सुटतं. ठोका आणखी वाढतो. श्वास भराभर होतो. भराभर श्वासाने ऑक्सिजन कमी पडत नाही, उलट कार्बन डायॉक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. त्यामुळे रक्ताचा पीएच किंचित वर सरकतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात. मग गरगरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आपण स्वप्नात आहोत असं वाटू लागतं. या लक्षणांचा मेंदू पुन्हा अर्थ लावतो : 'आता मी पडणार. हार्ट ॲटॅक येणार. मला वेड लागणार.' परत ॲड्रेनलिन. लूप पूर्ण.

या लूपमधला गेन कुठे आहे? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली याचं नेमकं उत्तर मांडलं. गेन ठोक्यात नाही, ठोक्याच्या अर्थात आहे. चार जिने धावत चढल्यावर तुमचं हृदय तितकंच धडधडतं, पण तेव्हा तुम्ही घाबरत नाही, कारण कारण माहीत असतं. तीच धडधड डब्यात, विनाकारण, आली की जीव घाबरा होतो.

आणि माइकची किंचाळी जशी अनंतापर्यंत जात नाही, ॲम्प्लिफायरच्या कमाल मर्यादेला अडते, तसंच शरीराचंही आहे. भीती काही मिनिटांत शिखर गाठते आणि मग ओसरते, कारण शरीरात ब्रेक लावणारी वेगळी यंत्रणा आहेच. चक्कर येऊन पडण्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. माणूस बेशुद्ध पडतो तो बहुधा रक्तदाब एकदम उतरल्यामुळे. पॅनिकमध्ये तो सहसा चढलेला असतो. त्यामुळे 'पडणार, पडणार' असं वाटत राहतं, पण पडणं क्वचितच घडतं. (रक्त किंवा सुई बघून घेरी येणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. त्यांचा रक्तदाब खरोखर उतरतो.)

इथपर्यंत झाली ॲटॅकची गोष्ट. एखादा ॲटॅक पुष्कळांना येऊन जातो. त्याचा ॲगोराफोबिया होतो तो पुढच्या पायरीवर, टाळण्यामुळे. ट्रेनमधून उतरलो, बरं वाटलं. मेंदूने नोंद केली : उतरलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी ट्रेन टाळली, पुन्हा बरं वाटलं, नोंद आणखी पक्की झाली. शेतात बुजगावणं उभं केलं आणि वाघ आला नाही, म्हणून बुजगावण्याला श्रेय द्यावं तसंच हे. वाघ मुळात होता का, हे तपासायची संधीच मिळत नाही.

आमच्या वर्गातल्या एका मित्राने हे सगळं भोगलं आहे. "नाव टाकू नकोस, बाकी सगळं लिही," असं तोच म्हणाला. तो कल्याणचा. तिसऱ्या सेमिस्टरला एका सकाळी फास्ट लोकलमध्ये, डोंबिवली सुटल्यावर, त्याला पहिला ॲटॅक आला. पुढचा थांबा थेट ठाणे. ती काही मिनिटं त्याला आजही मिनिटागणिक आठवतात. त्यानंतर त्याने फास्ट सोडली आणि स्लो धरली, कारण स्लोला दर काही मिनिटांनी दार उघडायचं कारण मिळतं. मग स्लोही सुटली. मग स्टेशनपर्यंतची रिक्षा सुटली. दोन महिन्यांनी अशी वेळ आली की कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायला त्याची आई जायची आणि हा गॅलरीतून ती परत येईपर्यंत बघत उभा राहायचा.

घरच्यांनी आधी आळस म्हटलं, मग कोणाची तरी नजर लागली म्हटलं, मग हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी आणि टूडी एको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. (या तपासण्या एकदा करून घेणं योग्यच आहे, कारण थायरॉइड वाढल्यावरही अशीच धडधड होते. पण दर आठवड्याला नवा ईसीजी काढणं हाही टाळण्याचाच प्रकार झाला.) शेवटी त्या हृदयाच्या डॉक्टरांनीच त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तोपर्यंत डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं होतं, आणि ७५ टक्के उपस्थितीचा हिशेब कुठल्याच बाजूने बसत नव्हता.

उपचार काय होता? वाचताना हसू येईल इतका साधा. ज्याची भीती वाटते तिकडे, छोट्या पायऱ्यांनी, रोज जायचं, आणि भीती उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. याला एक्स्पोजर म्हणतात. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ सालच्या पुस्तकात पायऱ्यापायऱ्यांची पद्धत मांडली, पुढे आयझॅक मार्क्स यांच्यासारख्यांनी तिला प्रत्यक्ष रस्त्यावर आणि बाजारात नेलं. आमच्या मित्राची शिडी मध्य रेल्वेने आयतीच बांधून ठेवली होती. आधी बिल्डिंगचं गेट. मग कल्याण स्टेशनवर प्लॅटफॉर्म तिकीट काढून बाकावर बसायचं आणि गाड्या नुसत्या जाऊ द्यायच्या. मग स्लो लोकलने ठाकुर्ली, एकच स्टेशन, ताईबरोबर. मग तेच एकट्याने. मग डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा आणि ठाणे. एक पायरी सपक वाटेपर्यंत पुढची चढायची नाही.

ठाकुर्लीला एक अडचण आली. गाडी इतक्या लवकर पोचायची की भीती शिखरावर असतानाच तो उतरायचा, म्हणजे 'उतरलो म्हणून वाचलो' हीच नोंद पुन्हा! तेव्हा ठरलं की ठाकुर्लीच्या प्लॅटफॉर्मवर बसून राहायचं आणि भीती निम्म्यावर आल्याशिवाय परतीची गाडी धरायची नाही. भीती मोजायची पट्टीही वोल्पे यांचीच, ० ते १००. त्याने प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये चक्क ऑब्झर्व्हेशन टेबल आखलं होतं. मला दाखवलं. स्टेशन, जाण्यापूर्वीचा अंदाज, भीतीचं सर्वांत मोठं रीडिंग, अर्ध्या तासानंतरचं रीडिंग, आणि शेवटच्या रकान्यात 'प्रत्यक्ष काय झालं'. अंदाजाच्या रकान्यात पानोपानी 'बेशुद्ध पडेन'. शेवटच्या रकान्यात पानोपानी 'काही नाही'. एके ठिकाणी 'काही नाही, वडापाव खाल्ला'.

माझ्या मते सगळ्या उपचाराचा गाभा त्या दोन रकान्यांतल्या फरकात आहे. 'घाबरू नकोस' हे वाक्य त्याने हजारदा ऐकलं होतं आणि त्याचा काडीइतकाही उपयोग झाला नव्हता. स्वतःच्या हाताने लिहिलेली चुकलेली भाकितं मात्र मेंदूला नाकारता येत नाहीत.

वेस्टफालच्या रुग्णांची काठी आठवते? तिची आजची रूपं म्हणजे पाण्याची बाटली, सतत चालू असलेला फोन, दाराजवळचीच जागा, खिशातली गोळ्यांची स्ट्रिप. सुरुवातीला त्यांचा आधार चालतो. पण त्या कायम राहिल्या तर श्रेय त्यांनाच जातं, म्हणून एकेक करून सोडाव्या लागतात. आमच्या मित्राची स्ट्रिप सगळ्यात शेवटी सुटली.

गोळ्यांबद्दल थोडंसं, कारण हॉस्टेलवर यावर फार अफवा चालतात. या आजारात डॉक्टर बहुधा एसएसआरआय गटातली औषधं देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम थांबवायची नसतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या लगेच शांत करतात, पण त्यांची सवय लागते. मित्राच्या ड्रॉवरमधून उचलून त्या घेण्यासारखा आत्मघातकी उद्योग दुसरा नाही. सौम्य त्रासात नुसत्या एक्स्पोजर आणि विचारांवरच्या उपचाराने भागतं, आमच्या मित्राला दोन्ही लागलं. काहींना डॉक्टर मुद्दाम जागेवर पळायला किंवा खुर्चीत गोल फिरायला लावतात, म्हणजे धडधड आणि गरगर यांचीच भीती जाते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचा त्रास उलटला. पंधरा दिवस घरी बसला आणि ठाकुर्लीलाच पुन्हा ८० रीडिंग. तो रडकुंडीला आला. पण ही गोष्ट पावलोव्हच्या कुत्र्यांपासून माहीत आहे : विझलेली भीती काही काळाने आपोआप थोडी डोकं वर काढते. जुनी नोंद डिलीट होत नाही, तिच्याशेजारी नवी नोंद लिहिली जाते, आणि दोघींत कोण जिंकणार हे सरावावर ठरतं. दुसऱ्या खेपेला तीच शिडी त्याने दहा-बारा दिवसांत चढली. वर्ष मात्र गेलं. आज तो आपल्या ज्युनिअर्सबरोबर शिकतोय, आणि सकाळची फास्ट अजूनही त्याला आवडत नाही. (ती कोणाला आवडते?)

त्याच्या हकिगतीत मला सगळ्यात जास्त टोचली ती आमची, मित्रमंडळींची बाजू. कॉलेज बुडालं की आम्ही नोट्सचे फोटो पाठवायचो, तो अंगठा पाठवायचा, झालं! २०२०-२१ मध्ये सगळं ऑनलाइन झाल्यापासून घरात राहूनही माणूस 'हजर' दिसू शकतो. जेवण घरपोच येतं, पुस्तकं घरपोच येतात. पूर्वी दाराबाहेर पडल्याशिवाय भागायचं नाही, त्यामुळे घरच्यांच्या लवकर लक्षात यायचं. आता माणूस महिनोन् महिने खोलीत मुरतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

त्यामुळे ग्रुपवरचा एखादा 'आज नाही जमणार' दहाव्यांदा आला, तर चिडवू नका, आणि 'बाहेर पडलास की बरं वाटेल' हे ज्ञानही देऊ नका. त्याला ते माहीत आहे, तिथेच तर घोडं अडलंय. 'गेटपर्यंत येतोस? मी खाली उभा आहे' असं विचारा. तो आला आणि पांढराफटक पडला, तर लगेच घरी पळवू नका. शेजारी बसा, श्वास सावकाश सोडायला सांगा, दहा-वीस मिनिटं जाऊ द्या. आणि कायमचा त्याचा बॉडीगार्डही होऊ नका, नाहीतर वेस्टफालची काठी तुम्हीच व्हाल. डॉक्टरांचं सर्टिफिकेट सेमिस्टर संपायच्या आत विभागप्रमुखांकडे पोचवायला मदत करा. नंतर दिलेल्या कागदावर कोणी फारसं ऐकत नाही.

डॉक्टर कुठे शोधायचे हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. फोन करण्याचीच धास्ती वाटणारा मित्र असेल, तर त्याच्या शेजारी बसून नंबर लावून द्या आणि बोलणं सुरू झालं की खोलीबाहेर या.