क्ष-किरण द्वितारे : उपग्रह आणि दुर्बीण यांची पूरकता

१९६२ मध्ये अग्निबाणातून पाठविलेल्या उपकरणांनी वृश्चिक तारकासमूहातील एका तीव्र क्ष-किरण स्रोताचा शोध लावला. सूर्यमालेबाहेरील हा पहिला ज्ञात क्ष-किरण स्रोत होय. असे अनेक तेजस्वी स्रोत म्हणजे ताऱ्यांच्या जोड्या असतात, हे पुढे स्पष्ट झाले. या जोडीत एक सामान्य तारा, तर दुसरा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर असते.

चकतीची निर्मिती

सामान्य ताऱ्यावरील वायू जोडीदाराकडे ओढला जातो. मात्र कोनीय संवेगामुळे तो सरळ खाली न पडता भोवती फिरत राहतो व त्याची चकती तयार होते. वायूच्या थरांतील घर्षणसदृश क्रियेने चकती तापते. आतील भाग सुमारे एक कोटी अंशांपर्यंत तापून क्ष-किरण फेकतो. तुलनेने थंड असा बाहेरील भाग अतिनील व दृश्य प्रकाश देतो.

वर्णपटाची साक्ष

चकतीतील हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीवर अपेक्षित असते. फिरत्या चकतीची एक बाजू आपल्याकडे येते, तर दुसरी दूर जाते. त्यामुळे डॉप्लर परिणामाने या रेषेला दोन शिखरे येतात. वेग सेकंदाला ६०० किलोमीटर असल्यास प्रत्येक शिखर मूळ जागेपासून सुमारे १.३ नॅनोमीटर सरकते. म्हणजेच शिखरांमधील अंतरावरून चकतीचा वेग कळतो.

सामान्य ताऱ्याच्या स्वतःच्या रेषाही त्याच्या परिभ्रमणानुसार मागेपुढे सरकतात. त्यांवरून अदृश्य जोडीदाराच्या वस्तुमानाची किमान मर्यादा काढता येते. हंस तारकासमूहातील ‘व्ही ४०४ सिग्नी’ या द्विताऱ्यात ही मर्यादा सूर्याच्या सहापटींहून अधिक असल्याचे १९९२ मध्ये आढळले. न्यूट्रॉन तारा सूर्याच्या सुमारे तिपटीहून जड असू शकत नाही. अर्थात, तेथे कृष्णविवरच आहे, असा निष्कर्ष निघाला.

भारतातील सुविधा

वातावरण क्ष-किरण शोषून घेत असल्याने त्यांच्या अभ्यासासाठी उपग्रह आवश्यक ठरतो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘अॅस्ट्रोसॅट’ची क्ष-किरण उपकरणे घडविण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. दृश्य वर्णपटासाठी लडाखमधील हानले येथे २ मीटर, जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या आयुका संस्थेची २ मीटर आणि उत्तराखंडातील देवस्थळ येथे ३.६ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. दिल्ली परिसरातील धूळ व दिव्यांचा झगमगाट अशा मंद स्रोतांच्या निरीक्षणास अनुकूल नाही. तथापि हानले व देवस्थळ येथील दुर्बिणी चालविणाऱ्या संस्थांना दिल्लीस्थित विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडूनच निधी मिळतो.

धोरणात्मक अंग

अर्थशास्त्राच्या परिभाषेत उपग्रह व दुर्बीण या ‘पूरक वस्तू’ होत. एकीवर खर्च करून दुसरीकडे दुर्लक्ष केल्यास दोन्हींची उपयुक्तता घटते. क्ष-किरणांचा उद्रेक उपग्रहाने टिपला, पण वर्णपट घेण्यासाठी दुर्बिणीचा वेळ मिळाला नाही, तर जोडीदाराचे वस्तुमान अज्ञातच राहते. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधन व विकासावरील खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. निधी इतका मर्यादित असताना प्रक्षेपणाच्या दिमाखाबरोबरच जमिनीवरील वेधशाळांच्या देखभालीस व प्रशिक्षित मनुष्यबळासही नियमित तरतूद हवी. मूलभूत ज्ञान ही सार्वजनिक वस्तू असल्याने हा भार मुख्यतः शासनालाच उचलावा लागतो.

स्वाध्याय : मूलभूत विज्ञानातील सार्वजनिक गुंतवणुकीचे समर्थन ‘पूरक वस्तू’ व ‘सार्वजनिक वस्तू’ या संकल्पनांच्या आधारे करा.