लॅपटॉपच्या हार्ड डिस्कचे आजारपण : लक्षणे, परीक्षा व उपाय

वर्गातील एखादे मूल अचानक मागे पडू लागले, तर जाणता शिक्षक त्यास तत्काळ आळशी ठरवीत नाही. ते उपाशी आहे, त्यास ताप आहे, की फळ्यावरचे दिसत नाही, हे तो प्रथम पाहतो. शाळेतील लॅपटॉप मंदावला असता हीच दृष्टी ठेवावयास हवी.

प्रस्तुत लेखकास एका शाळेतील प्रसंग स्मरतो. मार्च महिन्याचे दिवस होते. शाळेचा लॅपटॉप सुरू होण्यास दहा-दहा मिनिटे लागू लागली. व्हायरस शिरला असावा, असा सर्वांचा समज झाला. कोणीतरी सुचविल्यावरून आम्ही डिस्क दुरुस्त करण्याची आज्ञा देऊन यंत्र रात्रभर चालू ठेवले. सकाळी डिस्क उघडलीच नाही. गुणपत्रके कागदी नोंदवह्यांवरून पुन्हा तयार करता आली. परंतु मुलांनी गावातील वृद्ध स्त्रियांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या गेल्या त्या गेल्याच. त्यांतील एक आजी तोवर निवर्तल्या होत्या. प्रथम करावयाचे ते आम्ही शेवटी करावयास ठेविले, हीच आमची चूक. ती इतरांकडून होऊ नये, हा या लेखाचा हेतू आहे.

१. रचना

१९५६ साली आयबीएम कंपनीने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व सर्व मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. लॅपटॉपमधील आजची डिस्क तळहातावर मावते. तथापि तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटास बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचन-लेखन करणारे हेड तिला न टेकता हवेच्या अतिसूक्ष्म थरावर तरंगते. हे अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. चालू लॅपटॉप आपटणे किंवा धक्का देऊन हलविणे का घातक आहे, हे यावरून ध्यानात येईल.

माहिती सेक्टर नावाच्या लहान कप्प्यांत साठविलेली असते. एखादा सेक्टर दुबळा झाला, की डिस्क तो पुनःपुन्हा वाचण्याचा यत्न करते. या यत्नात वेळ जातो व यंत्र मंदावल्यासारखे भासते.

अलीकडील पुष्कळ लॅपटॉपांत तबकडीऐवजी एसएसडी असते. तिच्यात फिरणारा भाग नसल्यामुळे ती आवाज करीत नाही आणि कित्येकदा पूर्वसूचनेवाचून बंद पडते. विंडोज १० व ११ मधील टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या भागात डिस्कचा प्रकार पाहता येतो.

२. लक्षणे

(अ) पुनःपुन्हा येणारा टक्-टक् किंवा खरखर असा नवा आवाज. हे सर्वांत गंभीर लक्षण होय.
(आ) ठराविक फाइल उघडताना वा तिची प्रत करताना यंत्र थिजणे.
(इ) फाइल बिघडल्याचा संदेश येणे किंवा तिचे नाव विचित्र दिसणे.
(ई) लॅपटॉप सुरू करताना डिस्क न सापडल्याचा संदेश येणे.

केवळ मंदपणावरून निर्णय करू नये. डिस्क जवळजवळ भरलेली असणे, मेमरी अपुरी असणे, अपडेट चालू असणे अथवा पंख्यात धूळ साचून यंत्र तापणे, यांमुळेही मंदपणा येतो. बॅटरी निकामी असलेला लॅपटॉप वीज जाताच बंद पडतो व त्यामुळे फाइलींची मांडणी विस्कटते. असा दोष बहुधा दुरुस्त होतो; तबकडी झिजल्याचा दोष मात्र दुरुस्त होत नाही.

३. प्रथम कर्तव्य

शंका येताच, परीक्षेपूर्वी, माहितीची प्रत बाहेरील डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी घ्यावे : ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे, मुलांचे लेखन, त्यानंतर निकाल व पत्रव्यवहार. विंडोज व अन्य प्रोग्राम पुन्हा मिळतात, त्यांवर वेळ घालवू नये. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जावे. आजारी डिस्कवर नवे काही साठवू नये.

टक्-टक् आवाज येत असल्यास मात्र लॅपटॉप तत्काळ बंद करावा आणि पुनःपुन्हा सुरू करून पाहू नये. माहिती अमोल असेल, तर ती परत मिळविण्याचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे डिस्क द्यावी. पेटी स्वतः कदापि उघडू नये. आत गेलेला धुळीचा कणही हेडच्या मार्गात धोंड्यासारखा असतो.

४. परीक्षा

प्रत सुरक्षित झाल्यावर परीक्षा करावी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट असे नाव आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने ती वाचता येते. त्यातील क्रमांक ५ म्हणजे राखीव जागी हलविलेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर आणि १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर. या प्रोग्राममध्ये शेवटचे दोन क्रमांक सी५ व सी६ असे दिसतात. हे आकडे शून्य असणे उत्तम. ते शून्याहून अधिक असून दर आठवड्यास वाढत असतील, तर डिस्क बदलण्याची तयारी करावी. केवळ क्रमांक १९९ वाढत असेल, तर दोष बहुधा जोडणीच्या तारेचा असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क' या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद दिसल्यास खराब सेक्टर आढळल्याचे समजावे.

तथापि नोंद स्वच्छ आहे म्हणून निश्चिंत राहू नये. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांच्या प्रमुख स्मार्ट नोंदींत कोणतीही पूर्वसूचना नव्हती.

चेकडिस्क ही आज्ञा फाइलींची विस्कटलेली मांडणी सुधारते. तिचा सर्व सेक्टर तपासणारा प्रकार डिस्कच्या संपूर्ण पृष्ठभागावर हेड फिरवितो. आजारी डिस्कला हे श्रम सोसत नाहीत. सबब प्रत घेतल्यावाचून तो चालवू नये. आम्ही त्या रात्री नेमके हेच केले होते.

५. शाळेत करावयाचे काम

दर शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी त्या आठवड्याच्या फाइलींची प्रत घ्यावी व तारीख वहीत नोंदवावी. दोन प्रती असाव्यात. त्यांपैकी एक शाळेच्या कपाटाबाहेर, अन्य ठिकाणी ठेवावी. महिन्यातून एकदा प्रतीतील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात, कारण न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. वरच्या वर्गातील मुलांस या कामात सहभागी करून घ्यावे. गावाने विश्वासाने सांगितलेले जपून ठेवणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, हे त्यांस त्यातून उमगेल.