कान्हेरीचा डोंगर : पाणी, दान आणि संघ



आपल्या स्वारगेटहून बोरिवलीला एस.टी. जाते. बोरिवली पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. महानगराला लागून सुमारे १०४ चौ. कि. मी. राखीव वन! जांभुळमाळ हे त्यातील सर्वोच्च शिखर सुमारे ४६८ मीटर उंच आहे. याच डोंगररांगेत कान्हेरीची शंभरहून अधिक लेणी आहेत. शिलालेखांत या स्थानाचे नाव ‘कण्हसेल’, म्हणजेच कृष्णशैल, काळा डोंगर असे येते.

इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे भिक्खुसंघ नांदला. हे कसे शक्य झाले? याची दोन कारणे अभ्यासण्यासारखी आहेत.

पहिले कारण पाणी. येथे पाऊस चार महिने धो धो कोसळतो, नंतर आठ महिने कोरडे जातात. काळ्या कातळात पाणी सहज मुरत नाही. म्हणून शिल्पकारांनी उतारावर पन्हळी कोरल्या आणि विहारांच्या अंगणाजवळ पाण्याची टाकी खोदली. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. वर्षावासातले पाणी उन्हाळ्याला पुरावे, अशी ही योजना होती.

दुसरे कारण दान. क्रमांक ३ चे भव्य चैत्यगृह यज्ञश्री सातकर्णीच्या काळात व्यापारी बंधूंच्या दानातून कोरले गेले. पण दाते केवळ धनिक नव्हते. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिली, तर एका लोहाराने वाट बांधून दिली. भिक्षुणींनी व गृहिणींनीही दान दिले. काहींनी ‘अक्षयनीवी’ ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मूळ ठेव न मोडता उत्पन्नातून भिक्खूंना दरवर्षी चीवर मिळावे अशी सोय. मंगलथान (आजचे मागाठाणे) येथील शेतही अशा कामी दिलेले होते.

आपल्या मंडळांनी यातून बोध घ्यावा. आपण वर्गणी काढतो, कार्यक्रम करतो आणि वर्षअखेर पेटी रिकामी होते. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठी मुद्दल न मोडणारी एखादी ठेव आपण ठेवली आहे काय? दोन हजार वर्षांपूर्वीच्या सोनार-लोहारांना जे सुचले, ते आपल्याला का सुचू नये?

सहलीस जाणाऱ्यांना एक विनंती. सोमवारी उद्यान बंद असते. डब्यातले उरलेले अन्न व प्लॅस्टिक परत आणावे, टाक्यांत काही टाकू नये. लेण्यांच्या भिंतींवर आपली नावे कोरणारे पर्यटक तेथे दिसतात. जुन्या दात्यांची नावेही त्या कातळात आहेत, परंतु त्यांनी आधी काही दिले होते. हा फरक मुलांना तेथेच, शिलालेखासमोर उभे करून सांगावा.

डोंगराने पाणी राखले, उपासकांनी संघ राखला. आता डोंगर राखणे आपले कर्तव्य आहे.